बसलंय की उभं? फोनच्या सेन्सरवरून ओळखताना

माणूस बसलाय, उभा आहे की चालतोय हे ओळखणारं मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, बनवायचं असेल तर सुरुवात हातातल्या फोनपासूनच करा. फायफॉक्स हे मोफत अॅप अॅक्सेलरोमीटरच्या, म्हणजे फोनमधल्या त्वरण मोजणाऱ्या सेन्सरच्या, नोंदी फाईलमध्ये देतं. सेकंदाला 50 नोंदी पुरतात. त्यांचे 2.56 सेकंदांचे, निम्मे एकमेकांवर चढणारे तुकडे पाडा, म्हणजे तुकड्यात 128 नोंदी. इटलीत जेनोआच्या संशोधकांनी 30 जणांच्या कमरेला फोन बांधून हेच माप वापरलं होतं.

चालणं लवकर ओळखता येतं. बसणं आणि उभं राहणं छळतं, कारण कमरेवरचा फोन दोन्ही वेळी जवळजवळ तसाच राहतो. म्हणून मी विद्यार्थिनींना सांगते, फोन पँटच्या पुढच्या खिशात ठेवा. साडी असेल तर रुंद इलॅस्टिकनं मांडीला बांधा. बसलं की मांडी आडवी होते आणि गुरुत्वाकर्षणाचे 9.8 (मीटर प्रति सेकंद वर्ग) सेन्सरच्या दुसऱ्या अक्षावर सरकतात. आई-आजीला नमुन्यात घ्याच! मांडी घालून बसणं, उकिडवं बसून भांडी घासणं जेनोआच्या सहा क्रियांत नाही, आपल्याकडे रोजचं आहे.

चाचणीसाठी मात्र माणसंच वेगळी ठेवा, नुसते तुकडे नव्हेत. एकाच व्यक्तीचे शेजारचे तुकडे शिकवण्यात आणि चाचणीत दोन्हीकडे गेले, तर मॉडेल तिची चाल पाठ करतं आणि अचूकता फुगते.