क्यूजीआयएस शिकताय? बफरआधी सीआरएस बघा

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, मराठीत नावं टाकली तरी चालतात, आणि शिकायला आपल्या गावाचाच नकाशा घ्यावा. कोल्हापूरच्या रंकाळ्याचा काठ ओळखीचा असतो, त्यामुळे चूक झाली की लगेच डोळ्यांना खुपते.

पहिली चूक बहुतेकांची एकच. मोबाईलवरून घेतलेले बिंदू सीएसव्ही फाइलमधून (साध्या मजकुरातला तक्ता) आणताना एक्सच्या जागी रेखांश (७४.२) आणि वायच्या जागी अक्षांश (१६.७) हवा. उलटं झालं तर कोल्हापूरचे बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतात!

दुसरी चूक जास्त फसवी, कारण नकाशा दिसायला अगदी बरोबर असतो. समजा, पंचगंगेच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरचा पट्टा, म्हणजे बफर, काढायचाय. प्रत्येक लेयरला, म्हणजे नकाशाच्या थराला, एक सीआरएस (निर्देशांक मोजायची पद्धत) असते. लेयर ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीत, असेल तर त्याचं माप अंशांत चालतं. बफरच्या खिडकीत आकड्याशेजारी 'डिग्रीज' दिसेल. तिथं ५०० टाकलंत तर ते ५०० अंश होतात. आधी प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं 'रीप्रोजेक्ट लेयर' चालवा आणि ईपीएसजी ३२६४३, म्हणजे मीटरमध्ये मोजणारी यूटीएम झोन ४३ उत्तर ही पद्धत, निवडा. कोल्हापूर याच झोनमध्ये येतं. आता ५०० म्हणजे खरे ५०० मीटर.

आणि हो, 'सेट लेयर सीआरएस' वापरू नका. त्यानं फक्त लेबल बदलतं, आतले आकडे तसेच राहतात आणि नदी नकाशावरून गायब होते. मी यात अख्खी दुपार घालवली आहे. रीप्रोजेक्ट केलेला लेयर तात्पुरता असतो, तो जिओपॅकेज या प्रकारच्या फाइलमध्ये सेव्ह करा.