मुक्त-स्रोत प्रकल्पाला पहिला पॅच पाठवताना

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या अनेकांना ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा) प्रकल्पात हातभार लावावासा वाटतो, पण पाठवलेल्या कोडचे पुढे काय होते हे ठाऊक नसल्याने ते पहिल्याच पायरीवर अडतात. स्वयंसेवी प्रकल्पांत टंचाई असते ती कोडची नव्हे, तर तो तपासणाऱ्यांच्या वेळेची. अनेक मेंटेनर, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणारे, नोकरी-संसार सांभाळून हे काम करतात, आणि एकदा स्वीकारलेला कोड पुढे वर्षानुवर्षे निस्तरण्याची जबाबदारी बहुधा त्यांच्यावरच येते. म्हणून त्यांचे काम हलके होईल अशाच बेताने पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, तयार करावा.

समजा, बाजारभाव दाखवणारा एखादा प्रोग्राम अरुंद रकान्यात गावाच्या नावाची पहिली तीनच अक्षरे ठेवतो. ‘नाशिक’ आपण तीन अक्षरी वाचतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक चिन्हाला क्रमांक (संकेतांक) देणाऱ्या पद्धतीत, मात्र त्याचे न, काना, श, वेलांटी आणि क असे ५ संकेतांक होतात, आणि प्रोग्राम संकेतांक मोजत असल्यास पडद्यावर ‘नाश’ एवढेच उरते. असा दोष दिसताच कोड लिहायला बसू नये. तो आधीच कोणी नोंदवला आहे का हे पाहावे, आणि नसल्यास प्रोग्रामची आवृत्ती, दिलेला मजकूर, प्रत्यक्ष दिसलेला परिणाम व अपेक्षित परिणाम लिहून इश्यू, म्हणजे प्रकल्पाकडे दोषाची नोंद, उघडावा. देवनागरी न वाचणाऱ्या मेंटेनरला नुसत्या स्क्रीनशॉटवरून काहीच उमगत नाही. त्याला संकेतांकांची फोड करून दाखवावी लागते.

त्यानंतर प्रकल्पाची योगदानविषयक फाइल शेवटपर्यंत वाचावी, कारण रीत सगळीकडे सारखी नसते. गिटहब या संकेतस्थळावरचे बहुतेक प्रकल्प पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घेण्याची विनंती) घेतात, लिबरऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरचे बदल गेरिट या तपासणी-प्रणालीवर तपासले जातात, तर लिनक्स कर्नलचे (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचे) पॅच आजही ईमेलने जातात. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये एआयने लिहिलेल्या कोडवर निर्बंध घातले. असे नियम कोड लिहिण्याआधीच माहीत असलेले बरे.

एका पॅचमध्ये एकच बदल असावा. वरच्या उदाहरणात नाव कापणारे फंक्शन दुरुस्त करावे आणि सोबत एक टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का हे आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम, जोडावी, जी जुन्या कोडवर नापास व नव्यावर पास होईल. जाता जाता फाइलमधली मोकळी जागा नीटनेटकी करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. दहा ओळींची दुरुस्ती तीनशे बदललेल्या ओळींत हरवली, तर ती तपासायला कोणी धजत नाही. काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच. कमिट संदेशात, म्हणजे बदलासोबत जाणाऱ्या टिपणात, ते का बदलावे लागले हे लिहावे.

हक्कांचा प्रश्न हलक्यात घेऊ नये. लिनक्स कर्नलने २००४ मध्ये कमिट संदेशाच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ रूढ केली. तिच्याद्वारे आपण हा कोड देण्याचा अधिकार आपल्याला असल्याचे जाहीर करतो. नोकरदाराने त्याआधी आपले नेमणूकपत्र पाहावे, कारण काही करारांनुसार कर्मचाऱ्याने लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क राहतो.

पॅच गेला की थांबण्याची तयारी ठेवावी. कर्नलची मार्गदर्शिका आठवण करण्यापूर्वी किमान एक आठवडा थांबायला सांगते, आणि नव्या आवृत्तीसाठी बदल गोळा होण्याच्या सुमारास त्याहूनही अधिक. रिव्ह्यूमधल्या प्रत्येक सूचनेला उत्तर द्यावे, मग ती मान्य असो वा नसो. मान्य नसेल तर कारण लिहावे. सुधारित पॅच पाठवताना मागच्या खेपेपेक्षा काय वेगळे आहे हे नमूद केल्यास तपासणाऱ्याला सगळे पुन्हा वाचावे लागत नाही.

बदल चांगला असूनही नाकारला जाऊ शकतो; तो प्रकल्पाच्या दिशेत बसत नसेल किंवा तो सांभाळायला माणूस नसेल, तर मेंटेनरचा नकार रास्तच ठरतो. अशा वेळी लायसन्सनुसार आपल्या फोर्कमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या स्वतंत्र प्रतीत, तो बदल ठेवता येतो, मात्र मूळ प्रकल्पाची प्रत्येक नवी आवृत्ती आली की तो तिच्याशी जुळवून घेण्याचे काम आपल्याकडे येते.