ग्राफिंग कॅल्क्युलेटरला कीबोर्डचे सॉकेट जोडताना या चुका टाळा

माझ्याकडचा टीआय-८३ प्लस हा टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर मामेभावाने बोटीवरून सुट्टीवर येताना आणला होता. गोव्यात असे यंत्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही आणि बिघडले तर उघडून बघणाराही सहज सापडत नाही. म्हणूनच त्यावर संगणकाच्या कीबोर्डने टंकता यावे म्हणून त्याला नवे सॉकेट बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो : जे जोडायचे ते आधी बाहेर, टेबलावर चालवून दाखवा आणि मगच कॅल्क्युलेटरच्या पाठीचे स्क्रू सोडवा. माझ्यासमोर आलेले बहुतेक बिघाड हा क्रम उलटा केल्यामुळे झालेले होते.

हे काम शक्य होते त्याला एक सुंदर कारण आहे. १९९९ साली आलेल्या या यंत्राच्या खालच्या कडेला २.५ मिलिमीटरचा स्टीरिओ जॅक असतो, ज्याला लिंक पोर्ट म्हणतात. त्यात दोन सिग्नल-तारा आणि एक ग्राउंड असते. दोन्ही तारा एरवी वरच्या व्होल्टेजवर असतात आणि ज्याला काही सांगायचे आहे तो त्या खाली ओढतो. पीएस/२ म्हणजे यूएसबीच्या आधीचा, गोल प्लगचा जुना संगणक-कीबोर्ड. त्याच्या क्लॉक (ठोके देणारी) आणि डेटा (संकेत नेणारी) या तारा नेमक्या याच रीतीने चालतात. त्यामुळे मधे वेगळी चिप न घालता दोघांची गाठ घालता येते. बाकीचे काम, म्हणजे कीबोर्डचे संकेत वाचून अक्षरे उमटवणे, कॅल्क्युलेटरवर चालवलेला प्रोग्रॅम करतो. पहिली चाचणी घेण्यासाठी २.५ मिलिमीटरची प्लग असलेली एक साधी केबल पुरते, कॅल्क्युलेटर उघडावा लागत नाही.

सॉकेट कुठल्या बाजूने पाहिले?

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. पीएस/२ सॉकेटमध्ये १ क्रमांकाची पिन डेटाची, ३ ग्राउंडची, ४ पाच व्होल्टची आणि ५ क्लॉकची असते. २ आणि ६ रिकाम्या असतात. कागदावर छापलेली आकृती समोरून काढलेली असते, आपण सोल्डर मात्र सॉकेटच्या मागच्या बाजूने करतो आणि मागून पाहिले की आकृती आरशातल्यासारखी उलटते. अशा वेळी १ च्या जागी २, ३ च्या जागी ४ आणि ५ च्या जागी ६ येते. म्हणजे डेटा आणि क्लॉक रिकाम्या पिनांवर जाऊन पडतात, एवढ्यावर भागत नाही. ग्राउंड आणि पाच व्होल्ट यांचीही अदलाबदल होते आणि कीबोर्डला उलटा वीजपुरवठा मिळतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात कीबोर्डचा एकही दिवा लागला नाही आणि आतली चिप बोटाला चटका बसेल इतकी तापली. तो कीबोर्ड पुन्हा चालला नाही. तेव्हापासून मी आकृतीवर विश्वास ठेवत नाही. कीबोर्डची प्लग सॉकेटमध्ये बसवतो, मल्टिमीटर बझरवर ठेवतो आणि प्रत्येक पिन दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्यक्ष वाजवून पाहतो. या कामाला दहा मिनिटे लागतात.

याच्या उलट, दिवे नीट लागतात पण अक्षर एकही येत नाही, असे झाले तर घाबरू नये. कोणत्या तारेला क्लॉक मानायचे आणि कोणत्या तारेला डेटा, हे प्रोग्रॅमवर अवलंबून असते. वीज बंद करून या दोन तारांची अदलाबदल करावी. त्याने कशालाही इजा होत नाही.

वीज कुठून घ्यायची?

लिंक पोर्टमधून कीबोर्डला वीज मिळत नाही. म्हणून अनेक जण थेट बॅटरीच्या पत्र्यांवरून तार ओढतात. चार नव्या अल्कलाइन सेलचे व्होल्टेज सहाच्या वर असते, तर कीबोर्डला पाच हवे असतात. शिवाय पीएस/२ कीबोर्ड २७५ मिलिअँपिअरपर्यंत वीज ओढू शकतो, आणि हा भार ट्रिपल ए सेलसाठी फार मोठा आहे. पॉवर बँकेतून पाच व्होल्ट घेणे बरे. मात्र कीबोर्डने फारच थोडी वीज ओढली, तर काही पॉवर बँका आपोआप बंद होतात आणि आपण मात्र प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसतो. तसेच पॉवर बँकेचे ग्राउंड आणि कॅल्क्युलेटरचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले असलेच पाहिजे. ते नसेल तर अक्षरे येणार नाहीत, किंवा येतील ती भलतीच.

कीबोर्डची निवडही इथेच चुकते. म्हापशाच्या बाजारात जांभळ्या प्लगचा जुना कीबोर्ड मिळाला तर उत्तम. यूएसबी कीबोर्डला छोटा अडॅप्टर लावून काम भागेल, असे समजू नये. तो अडॅप्टर केवळ तारा जोडतो. कीबोर्डच्या चिपला पीएस/२ ची भाषा मुळातच येत नसेल, तर अडॅप्टर ती शिकवू शकत नाही.

अक्षरे चुकतात किंवा कॅल्क्युलेटर अडकतो

एक कळ दाबली की तेच अक्षर दोनदा उमटत असेल, तर दोष तारांत नाही. कळ सोडल्यावर कीबोर्ड आधी 'एफ०' आणि मग त्याच कळीचा संकेत पुन्हा पाठवतो. प्रोग्रॅमने 'एफ०' नंतरचा संकेत सोडून द्यायला हवा. अधूनमधून भलतेच अक्षर येत असेल, तर प्रोग्रॅमने इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला चालू काम मधेच सोडायला लावणारे इशारे, बंद केले आहेत का ते पाहावे. क्लॉकचा प्रत्येक अर्धा ठोका ३० ते ५० मायक्रोसेकंदांचा असतो आणि ६ मेगाहर्ट्झच्या झेड-८० प्रोसेसरला तेवढ्या वेळात १८० ते ३०० चक्रेच मिळतात. मधेच इंटरप्ट आला की बिट निसटतो आणि पुढची सगळी ओळ सरकते. प्रोग्रॅममधून बाहेर पडण्यापूर्वी कीबोर्ड काढणेही आवश्यक आहे, कारण मूळ प्रणाली लिंकची तार खाली गेलेली दिसताच दुसरे यंत्र काही पाठवत आहे असे समजून वाट पाहत बसते.

आता यंत्र उघडताना

टेबलावर सगळे चालले की आधी आपले प्रोग्रॅम आर्काइव्हमध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत, हलवावेत किंवा संगणकावर उतरवून घ्यावेत, कारण सेल काढून बोर्ड हाताळताना २४ केबीच्या रॅममधले सर्व पुसले जाऊ शकते. स्क्रू टॉर्क्स टी६ चे असतात. साध्या पेचकसाने त्यांची डोकी झिजवू नयेत. जॅकच्या पायांवर तार जोडताना आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवून दोन-तीन सेकंदांत काम उरकावे. त्याहून जास्त वेळ दाबून धरले तर तांब्याची चकती बोर्डावरून सुटते. स्क्रीनची चपटी रिबन केबल उष्णतेने चिकटवलेली असते. ती ओढली गेली तर स्क्रीनवरच्या रेघा गायब होतात, म्हणून दोन्ही भाग पुस्तकासारखे हळूच उघडावेत. सॉकेट आतच बसवण्याचा हट्टही धरू नये. प्लगचे धातूचे कवचच साडेनऊ मिलिमीटरचे असते आणि त्याभोवतीचा सॉकेटचा ठोकळा त्याहून मोठा. कानशीने लहानसे छिद्र करून एक वीतभर केबल बाहेर काढावी, आतल्या बाजूला तिला गाठ मारावी आणि तिच्या टोकाला सॉकेट लावावे. गाठ नसेल तर केबलचा प्रत्येक झटका थेट सोल्डरवर येतो.

शेवटची गोष्ट आपल्या हवेची. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत सोल्डरभोवती राहिलेले फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावे म्हणून लावतात ती पेस्ट, ओलावा धरते, आणि जूनमध्ये नीट चाललेली जोडणी ऑगस्टमध्ये थांबून-थांबून चालू लागते. माझ्या तारेच्या मुळाशी हिरवी पूड जमली होती. दुकानदाराने दिलेली पेस्ट पत्र्याच्या कामाची, म्हणजे आम्लयुक्त होती, हे मला तेव्हा कळले. रोझिनचेच फ्लक्स वापरावे, काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने ती जागा स्वच्छ करावी, पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावी आणि मगच पाठ बंद करावी.