वॉकरवर घोडा फिरवताय? आधी त्याच्या पायांचं बघा

आपल्याकडे नाशिकला गंगापूर, त्र्यंबक रोड, दिंडोरीकडे हौसेने घोडे पाळणारे बरेच झालेत आणि सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस, मिळत नाही ही सगळ्यांची एकच रड, त्यामुळे वॉकर, म्हणजे घोड्याला गोल फिरवणारं मोटरचं मशीन, बसवायचा विचार बरेच जण करतात. मशीन वाईट नाही. पण एक लक्षात ठेवा, वॉकरमुळे कष्ट वाचतात ते सईसाचे, घोड्याचे नाही. घोडा त्यात घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतो आणि गोल फिरताना आतल्या बाजूच्या पायावर, खास करून खुराच्या आतल्या सांध्यावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या बंधांवर वाकडा ताण येतो. वर्तुळ जितकं लहान तितका ताण जास्त, आणि वेग वाढला की अजून जास्त.

म्हणून अंबड-सातपूरला फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेणार असाल तर जागा नाही म्हणून व्यास कापू नका. घोडा ज्या रेषेवर चालतो त्या रेषेचा व्यास १५-१६ मीटर तरी ठेवा, २० झाला तर उत्तमच. दहा-बारा मीटरच्या खेळण्यात रोज घोडा फिरवायचा असेल तर माझ्या मते त्यापेक्षा द्राक्षबागेच्या बांधाने हातात धरून फिरवलेला परवडला. दुसरं म्हणजे मोरकीला (तोंडावरच्या दोरीच्या पट्ट्याला) दोर बांधून ओढणारा हातवाला वॉकर शक्यतो नको. त्यात मान सतत आत ओढली जाते, घोडा अडला तर झटका बसतो. कप्प्यांचा घ्या, ज्यात घोडा मोकळा चालतो आणि मागची जाळी फक्त हळू पुढे सरकते.

आता वेग. हे बहुतेक जण अंदाजाने करतात, तसं करू नका, मोबाईल काढा. एका जाळीवर खडूने खूण करा आणि एका फेरीला किती सेकंद लागतात ते मोजा. १६ मीटर व्यासाची एक फेरी साधारण ५० मीटरची होते. घोडा ताशी ६ किलोमीटरने चालला तर मिनिटाला १०० मीटर, म्हणजे एक फेरी ३० सेकंदांत. सुरुवातीची पाचेक मिनिटं ३६-४० सेकंदांवर ठेवायची, मग ३० वर आणायचं, शेवटी परत हळू करायचं. २५ च्या खाली गेलात की लहान चणीचा घोडा चाल सोडून दुडकीत जातो आणि आपले मारवाडी-काठियावाडी तर मधेच रेवाल (त्यांची ती खास झपझप चाल) धरतात, बघायला लई भारी वाटतं पण या गोलात ते नको. डोळे मिटून टापा ऐका, चार टापा सुट्या आणि सारख्या अंतराने पडल्या पाहिजेत.

दिशा बदलणं सगळ्यात जास्त विसरलं जातं. २० मिनिटांत दोन किलोमीटर म्हणजे ४० फेऱ्या होतात, त्या सगळ्या एकाच अंगाने झाल्या तर रोज तोच पाय मार खाणार. दर पाच-दहा मिनिटांनी मशीन पूर्ण थांबवा, घोड्याला कप्प्यात सावकाश वळू द्या, मग उलटं चालू करा. नवीन घोड्याला पहिला आठवडा दहा मिनिटं बास, नंतर हळूहळू २०-३० पर्यंत न्या. आणि वॉकर झाला म्हणजे व्यायाम झाला असं धरू नका, सरळ रस्त्यावर चालवणं रोज पाहिजेच.

खालची जमीन. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकटून घसरते, तिच्यावर डायरेक्ट वॉकर बसवूच नका. ती काढून मुरूम दाबून घ्या, पाणी निघून जाईल असा किंचित उतार द्या आणि वर रबर मॅट किंवा वाळूचा पातळ थर. वाळू जाड टाकली की मऊ होईल असं वाटतं पण त्यात पाय रुततात आणि पायामागच्या शिरांवर (कंडरांवर) ताण येतो. शिवाय रोज फिरून मधे चर पडतो आणि घोडा तिरका पाय टाकत चालतो, तर तो चर फावड्याने रोजच्या रोज भरा.

फिरवायच्या आधी दोन मिनिटं पायांना हात लावा. खुराच्या वरच्या सांध्यापाशी एका पायाला दुसऱ्यापेक्षा गरम लागतंय का, सूज आहे का, मागच्या बाजूने नाडी जोरात उडतेय का. शंका आली तर कडक सपाट जमिनीवर सरळ दुडकी काढून बघा, पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो. असा घोडा वॉकरवर घालायचा नाही, डॉक्टरला दाखवायचा. चालून मोकळा होईल म्हणणारे चिक्कार भेटतील, त्यांचं ऐकू नका.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून नवीन आणलेला घोडा टेम्पोत तासन्तास उभा राहून आलेला असतो, त्याला दोन-तीन दिवस हाताने फिरवा. दोन-अडीच वर्षांच्या आतलं शिंगरू असेल तर हाडांच्या वाढीच्या जागा अजून पक्क्या झालेल्या नसतात, त्याला मोकळं पळू द्या, गोल नको. म्हाताऱ्या सांधेदुखीवाल्याला हळू चाल चांगली असते पण डॉक्टरला विचारून, मोठ्या गोलात, थोडा वेळ. नालबंदाला दीड महिन्याने बोलवायचं टाळू नका, पुढे वाढलेला खूर शिरा ओढतो.

शेवटचं लाईटचं. मोटर व्हीएफडीवरच (मोटरचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारं यंत्र) घ्या म्हणजे चालू-बंद होताना झटका बसत नाही, अर्थिंग नीट करा आणि बंद करायचं मोठं लाल बटण हाताशी ठेवा. विहिरीच्या मोटरीला आपण ऑटो लावतो तसा इथे अजिबात लावायचा नाही, लाईट गेली आणि आली तर मशीन आपोआप सुरू व्हायला नको, कारण तोवर घोडा अर्धा वळून उभा असतो.