धावदोऱ्याला वेळ नाही? मग गोधडीला गाठी मारा

निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली, की आमच्या पंचवटीत गोधडीची चौकशी सुरू होते. गोधडी सगळ्यांनाच हवी, धावदोरा घालत मान मोडून बसायला कुणी तयार नाही. अशांना मी गाठी मारायला सांगते. नुसत्या जुन्या साड्यांचे थर असतील तर मात्र धावदोराच घाला, ते थर गाठींच्या मध्ये सरकतात. गाठी शोभतात त्या आत फायबरची शीट किंवा कापूस असलेल्या गोधडीला. ती दबत नाही, फुगीर राहते, म्हणून ऊबही जास्त.

अस्तराला मालेगावचं साधं सुती कापड पुरे. आधी धुऊन घ्या, आटतं. फरशीवर अस्तर उलटं पसरा, त्यावर शीट, त्यावर जोडलेला वरचा भाग सुलटा. मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि वीत-वीतभर अंतरावर सेफ्टी पिना लावा. इथे कंटाळा केलात तर पुढचं सगळं वाकडं.

दोरा जाड आणि सुतीच. क्रोशाचा चालतो, भरतकामाचा सहापदरीही. चकचकीत रेशमी दोरा दिसतो छान, पण गाठ धरत नाही. सुई मोठ्या नेढ्याची घ्या. दाभण नको, भोकं पडतात.

सुरुवात मध्यापासून करा. वरून सुई खाली घाला, पाव इंचावर वर काढा. अस्तर टोचलं गेलं का, ते खालून बोटाने चाचपा. त्याच भोकांतून आणखी एकदा. टोकं तीन-तीन इंच ठेवून कापा. आता उजवं टोक डाव्यावरून घेऊन ओढा, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वरून घेतलंत तर गाठ तिरकी बसते आणि धुण्यात सुटते. बरोबर बसलेली गाठ चपटी दिसते. पहिल्या फेऱ्यात टोक दोनदा गुंडाळलं, तर दुसरा फेरा घेईपर्यंत ती सैल पडत नाही. कापडाला चुण्या पडतील इतकं आवळू नका. शेवटी टोकं पाऊण इंच ठेवून कातरा.

फायबरच्या शीटला पाच इंचांवर गाठ पुरते. सुटा पिंजलेला कापूस असेल तर चार बोटांवर मारा, नाहीतर धुतल्यावर त्याचे गोळे होतात. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीला पाच इंचांच्या हिशेबाने दोनशेच्या वर गाठी येतात. म्हणून एकेक दोरा कापत बसू नका. एका ओळीचे सगळे टाके सलग घ्या, दोरा मध्ये सैल सोडत जा, मग दोन टाक्यांच्या बरोबर मध्ये कापून गाठी मारत सुटा. टीव्हीसमोर बसूनही होतं हे.

तान्ह्या बाळाच्या दुपट्याला असे गोंडे नकोत, बाळ तोंडात घालतं. तिथे धावदोराच बरा.

गाठी झाल्या की पिना मोजून काढा, कडा सारख्या कापा आणि सुती पट्टीचा गोट लावा. उरलेला दोरा जपून ठेवा. एखादी गाठ तुटली तर तेवढीच नवी मारता येते.