हिशेबातल्या एआयवर प्रकल्प करायचाय? बिलांची फाइल उघडा

एम.कॉम.ची मुलं बेळगावात शहापूरला माझ्या ऑफिसात विषय विचारायला येतात. बहुतेकांच्या वहीत एकच ओळ असते : ‘अकाउंटिंगमध्ये एआयची भूमिका’. यातून प्रश्नावली निघते, संशोधन निघत नाही. उत्तर चूक की बरोबर हे तपासता येईल, इतका प्रश्न लहान करा.

आधी जगात काय चाललंय ते वाचा. ताळेबंदातली लबाडी ओळखणं हा जुना प्रवाह. २०२० साली बाओ आणि सहकारी संशोधकांनी त्यात गुणोत्तरांऐवजी ताळेबंदातले कच्चे आकडेच मशीन लर्निंगला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, दिले. नमुन्याऐवजी सगळ्याच नोंदी तपासणारं ऑडिट हा दुसरा. तिसरा म्हणजे यंत्राने कागदी बिलं वाचून नोंद घालणं, आणि आता चौथा, चॅटजीपीटीसारखी भाषा-मॉडेलं. यातलं बरंचसं काम इंग्रजी कागदांवर झालंय. आपल्याकडची फाइल तशी नसते. उद्यमबागच्या फौंड्रीचं छापील बिल, निपाणीहून आलेली मराठी पावती, कन्नड शिक्का, सगळं एकाच पिनेत. म्हणूनच मी तिसरा प्रवाह घ्यायला सांगते.

ओळखीच्या व्यापाऱ्याची लेखी परवानगी घ्या. नावं आणि फोन नंबर झाका. जीएसटी क्रमांकही झाका, पण पहिले दोन आकडे ठेवा. २९ म्हणजे कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. मग दोघांनी वेगवेगळं बसून तीच बिलं हाताने तक्त्यात उतरवा. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे मूळ कागद पुन्हा बघा. हे कंटाळवाणं काम टाळलंत तर पुढचे सगळे आकडे पोकळ.

आता यंत्राकडून वाचून घ्या आणि चुका रकान्यागणिक लिहा. हाताने लिहिलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, चार आठसारखा. समजा मूळ रक्कम १,०००, सीजीएसटी (केंद्राचा कर) ९०, एसजीएसटी (राज्याचा कर) ९०, एकूण १,१८०. यंत्राने मूळ रक्कम ९,००० वाचली तर बेरीजच बसत नाही. ही चूक साध्या सूत्राने सापडते. दुसरं सूत्र सीमेचं : बेळगावच्या दुकानाला कोल्हापूरहून माल आला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) हवा. २७च्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी दिसला की शंका घ्या. मात्र कोल्हापुरातल्या लॉजच्या बिलावर तो बरोबरच असतो, कारण सेवा तिथेच मिळाली. अशी अपवादांची यादी स्वतः करा; माझ्या मते तुमच्या प्रकल्पाची खरी किंमत त्या यादीत आहे.

खऱ्या आकड्यांत पहिला अंक लहान असण्याचं प्रमाण जास्त असतं, हा बेनफर्डचा नियम अनेकजण उगाच लावतात. पहिला अंक एक असण्याचं प्रमाण त्यात सुमारे ३०.१ टक्के, नऊचं ४.६. पण ठरावीक दराच्या पावत्यांना तो लागू पडत नाही.

निकाल लिहिताना नुसती ‘अचूकता’ देऊ नका. हजार बिलांत दहा चुकीची असतील आणि मॉडेलने, म्हणजे चुकीची बिलं ओळखायला शिकवलेल्या प्रोग्रामने, सगळीच बरोबर म्हटली, तरी अचूकता ९९ टक्के भरते आणि चूक एकही सापडलेली नसते. दहापैकी किती पकडली, आणि चांगली बिलं विनाकारण किती अडवली, हे दोन आकडे द्या. मॉडेलला आधीच्या वर्षाची बिलं शिकवा, परीक्षा पुढच्या वर्षाच्या बिलांवर घ्या. आणि केवळ बेरजेच्या सूत्राने किती चुका सापडल्या तो रकाना शेजारी ठेवा, म्हणजे मॉडेलने त्यावर किती भर घातली हे परीक्षकांना लगेच दिसेल.