खाटेजवळचे स्कॅनिंग : औषध देताना होणारी चूक कशी रोखावी

औषध लिहिताना झालेली चूक पुढे फार्मासिस्टच्या किंवा परिचारिकेच्या लक्षात येऊ शकते. पण चूक औषध देतानाच झाली, तर तिला अडवणारे पुढे कोणी उरत नाही. रुग्णाच्या आणि औषधाच्या कोडची संगणकातील आदेशाशी जुळणी करणारे बारकोड स्कॅनिंग नेमके याच शेवटच्या टप्प्यावर पहारा ठेवते, आणि म्हणूनच ते खाटेजवळ, औषध देण्यापूर्वी आणि रुग्णाच्या मनगटावर असलेल्या पट्टीवरच व्हायला हवे. या तीनपैकी एक गोष्ट जरी सुटली, तरी पडद्यावर हिरवी खूण दिसते, पण संरक्षण मिळालेले नसते.

क्रम साधा आहे. आधी रुग्णाला त्याचे पूर्ण नाव विचारावे. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारू नये, कारण गुंगीत असलेला माणूस कोणत्याही नावाला मान हलवतो. नंतर मनगटपट्टी स्कॅन करावी, मग प्रत्येक औषध वेगवेगळे स्कॅन करावे. संगणक रुग्ण, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ डॉक्टरांच्या आदेशाशी ताडून पाहतो. सर्व जुळल्यावरच वेष्टन फोडावे आणि औषध दिल्यानंतर नोंद पक्की करावी. गोळ्या आधीच वाटीत काढून ठेवल्या, तर स्कॅन करायला हातात फक्त रिकामे वेष्टन उरते, आणि ते वाटीतल्या गोळीचेच आहे याची खात्री कोणालाही देता येत नाही.

खरी तयारी मात्र फार्मसीत करावी लागते. गोळ्यांच्या पट्टीवर बारकोड एकाच टोकाला छापलेला असेल, तर दोन गोळ्या कापून वॉर्डात पाठवल्या की त्यांना ओळखच उरत नाही. म्हणून प्रत्येक डोस वेगळ्या पाकिटात घालून त्यावर नाव, मात्रा, बॅच क्रमांक, मुदत आणि बारकोड असलेले लेबल लावावे. अर्ध्या गोळीसाठीही स्वतंत्र लेबल असावे. हे लेबल दुसऱ्या व्यक्तीने तपासल्याशिवाय पाकीट बाहेर जाऊ देऊ नये, कारण चुकीचे लेबल लागलेल्या औषधाला स्कॅनर बिनदिक्कत ‘बरोबर’ म्हणेल.

मनगटपट्टीकडेही तितकेच लक्ष द्यावे. बारीक मनगटावर लांबट बारकोड वळतो आणि वाचला जात नाही. तिथे QR कोडसारखा चौकोनी, द्विमितीय कोड अधिक चांगला चालतो. पट्टी भिजली, चुरगळली किंवा शाई पुसट झाली, तर ती लगेच बदलण्याची सोय वॉर्डातच असावी.

स्कॅनिंगचा खरा फायदा किती, हे मोजले गेले आहे. बोस्टनमधील ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेळेच्या चुका वगळता औषध देतानाच्या चुकांचे प्रमाण 11.5 टक्क्यांवरून 6.8 टक्क्यांवर आले. म्हणजे चुका बऱ्याच कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. 2008 मधील दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात कर्मचारी स्कॅनिंगला बगल देण्याचे 15 प्रकार आणि त्यामागची 31 कारणे आढळली. ही दुसरी आकडेवारी मला अधिक मोलाची वाटते, कारण पुढचे काम कुठे करायचे ते तिच्यातून कळते. रुग्णाच्या मनगटपट्टीची जादा प्रत टेबलावर चिकटवून ठेवणे किंवा खिशात बाळगणे, आधी औषध देऊन नंतर सगळे एकदम स्कॅन करणे, हे प्रकार आळसातून क्वचितच येतात. बहुतेक वेळा स्कॅनरची बॅटरी संपलेली असते, ट्रॉली दारातून आत जात नाही, औषधाचा कोड संगणकात नोंदलेला नसतो किंवा झोपलेल्या रुग्णाचा हात पांघरुणाखाली असतो. अशी पळवाट दिसली की परिचारिकेला जाब विचारण्याआधी तिच्यासोबत एक पूर्ण औषधफेरी करावी आणि कुठे अडते ते स्वतः पाहावे.

संगणकाच्या इशाऱ्यांचेही तसेच आहे. बिनमहत्त्वाचे इशारे वारंवार येत राहिले, तर बोट सवयीने ‘पुढे जा’ दाबते आणि महत्त्वाचा इशाराही त्यातच निघून जातो. ज्या इशाऱ्यांकडे सर्वाधिक वेळा दुर्लक्ष होते, त्यांची यादी दर महिन्याला फार्मसीने आणि परिचारिकांनी एकत्र बसून पाहावी व निरर्थक इशारे बंद करावेत. त्याच बैठकीत प्रत्येक वॉर्डात किती टक्के डोसांसाठी मनगटपट्टी आणि औषध असे दोन्ही स्कॅन झाले, तेही पाहावे. लीपफ्रॉग ग्रुप ही रुग्णालयांच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन करणारी अमेरिकी संस्था त्यासाठी 95 टक्क्यांचा निकष लावते.

स्कॅनरला काय कळत नाही, हे नवीन कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे. इन्शुलिनची व्हायल (कुपी) बरोबर आहे एवढेच तो सांगतो. सिरिंजमध्ये किती युनिट ओढले आणि सुई कोणत्या नळीला जोडली, ते त्याला दिसत नाही. म्हणून इन्शुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध), पोटॅशियम क्लोराइड आणि केमोथेरपीच्या औषधांसाठी दुसऱ्या व्यक्तीकडून होणारी स्वतंत्र तपासणी कायम ठेवावी.

संगणक बंद पडल्यावर वापरायची कागदी पत्रके प्रत्येक वॉर्डात तयार असावीत. यंत्रणा पुन्हा सुरू झाल्यावर, पुढची औषधफेरी सुरू करण्यापूर्वी, मधल्या काळात दिलेला प्रत्येक डोस पत्रकावरून संगणकात चढवावा. तसे केले नाही, तर दिलेले औषध पडद्यावर ‘बाकी’ दिसत राहते आणि पुढच्या पाळीतील परिचारिका ते रुग्णाला दुसऱ्यांदा देते.